चार पाकिटं आणि माझा जळफळाट

मत्सर माझ्या तब्येतीला चांगला मानवतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी स्वतःला फार मोठ्या मनाची बाई समजत असे. आज नातवंडांना हे सांगितलं तर ती खो-खो हसतात, कारण शेजारणीच्या कुंडीतला कढीपत्ता आपल्यापेक्षा वीतभर उंच झालेला त्यांच्या आजीला खपत नाही, हे ती रोज पाहतात. पण त्रेचाळिसाव्या वर्षीची ती बाई वेगळीच होती. केस घट्ट बांधलेली, पांढऱ्या कोटाला इस्त्री करून जाणारी, आणि आपल्याइतकं औषधातलं कुणालाच कळत नाही अशी खात्री असलेली. तिची मला आता दया येते, आणि मधूनमधून एक चिमटा काढावासाही वाटतो.

तेव्हा आम्ही दुबईत, शारजाच्या हद्दीलगत अल कुसैसला राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे दुबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीत, मुलगी शाळेत, आणि मी सैनिकांच्या इस्पितळात फार्मासिस्ट. सैनिकांचं म्हणजे नोकरीतले सैनिक, निवृत्त झालेले, आणि त्यांच्या घरची माणसं. सकाळी शारजाहून दुबईकडे येणाऱ्या गाड्या तासन्‌तास अडकलेल्या असत आणि आमची स्टाफची बस उलट दिशेनं मोकळ्या रस्त्यावरून सुसाट जाई. खिडकीतून त्या अडकलेल्या लोकांकडे बघत जाताना मला फार बरं वाटे. स्वभाव तेव्हाही असाच होता म्हणायचा, फक्त मला ठाऊक नव्हता.

औषधं द्यायच्या चार खिडक्या होत्या. माझी तिसरी. बाकीच्या तीन रिकाम्या असल्या तरी म्हातारे सैनिक माझ्याच खिडकीपुढे रांग लावत. कारण मी चित्रं काढायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी सूर्य, रात्रीच्या गोळीसाठी चंद्रकोर. सूर्याला मी डोळे आणि मिश्याही काढत असे. तिकडे औषध देणाऱ्या बाईलाही आदरानं ‘दक्तूरा’ म्हणतात. डॉक्टरीणच म्हणा ना. दिवसातून साठ वेळा कुणी दक्तूरा म्हटलं की बी.फार्म. झालेल्या बाईचं डोकं ठिकाणावर राहणं कठीण. माझं नव्हतंच.

माझ्या रांगेत एक म्हातारा होता. वाळवंटात जीप चालवून निवृत्त झालेला. लहानपणी लाकडी गलबतातून दोन-तीनदा मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळे हिंदी बोले. त्याला मधुमेह होता आणि महिन्याच्या गोळ्या न्यायला तो स्वतः येई. मी ट्रेवर गोळ्या मोजून पाकिटात भरायला लागले की खिडकीच्या काचेवर बोट आपटून म्हणे, “दक्तूरा, चार करो. बराबर-बराबर.”

मग मी एका मोठ्या पाकिटाऐवजी चार लहान पाकिटं करून देई. घरी एक, शेतावर एक, गाडीत एक, मुलाकडे एक, असं काहीतरी असेल असं मला वाटे. विचारलं मात्र कधी नाही. आमचं काम पिशवी भरून द्यायचं, चौकशी करायचं नव्हे.

एकदा रमजानच्या आधी एक अनोळखी म्हातारा माझ्या खिडकीशी आला. त्याच्याजवळ इस्पितळाचं कार्ड नव्हतं, पण हातात माझं पाकीट होतं. माझा मिश्यावाला सूर्य मला लांबूनच ओळखू आला. उपासाच्या महिन्यात सूर्याची गोळी कधी घ्यायची, एवढंच त्याला विचारायचं होतं. थोडं अरबी, थोडे हातवारे असं करत मला उलगडा झाला. जीपवाल्याचे तीन जुने सोबती होते. वाळवंटात बरोबर राबलेले, पण सरहद्दीपलीकडून आलेले, त्यामुळे कागदोपत्री कुठेच नसलेले. तिघांनाही मधुमेह, आणि तिघांकडेही कार्ड नाही. रोज संध्याकाळी हे चौघं जीपवाल्याच्या मजलिशीत, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, बसत. कॉफी आली की चौघांना, खजूर आला की चौघांना. गोळ्या आल्या की त्याही चौघांना. घरमालकानं एकट्यानं काही तोंडात टाकणं त्यांच्यात अगदी लाजिरवाणं.

आता कुठल्याही शहाण्या फार्मासिस्टनं काय केलं असतं? डॉक्टरांना कळवलं असतं. मी काय केलं? घरी येऊन जेवताना तो किस्सा रंगवून सांगितला. हे इतके हसले की यांना ठसका लागला. आणि पुढच्या महिन्यापासून मी चारही पाकिटांवर निरनिराळ्या मिश्यांचे सूर्य काढायला लागले, म्हणजे म्हाताऱ्यांचा गोंधळ नको!

मग इस्पितळात रेसिडेन्सी आली.

ही काय भानगड ते सांगते. आमच्या विभागाला नवे प्रमुख आले. मूळचे जॉर्डनचे, पण अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत शिकलेले. तिथे म्हणे फार्मासिस्ट पदवीनंतर एक वर्ष रेसिडेन्सी करतो, डॉक्टर करतात तशी. खिडकीमागे बसून गोळ्या मोजायच्या नाहीत. वॉर्डात जायचं, डॉक्टरांच्या राऊंडला खाटेशी उभं राहायचं, कुठलं औषध वाढवा, कुठलं बंद करा हे सांगायचं, रोग्याशी बोलायचं, आठवड्याला एक केस सगळ्यांपुढे मांडायची, आणि वर्षाअखेर प्रमाणपत्र. अमेरिकेत म्हाताऱ्या सैनिकांच्या बाबतीत याचा फार उपयोग होतो, कारण एकेकाला दहा-दहा औषधं असतात आणि ती सगळी एकत्र बघणारं कुणीच नसतं. हे सगळं साहेबांनी मीटिंगमध्ये इतकं गोड समजावलं की मला तिथल्या तिथे ती रेसिडेन्सी हवीशी झाली. जागा एकच होती.

मी अर्ज केला. मुलाखतीला मोरपिशी साडी नेसून गेले. साहेबांनी विचारलं, “रोगी औषध नियमित घेतोय हे तुम्हाला कसं कळतं?”

मी तोऱ्यात म्हटलं, “दर महिन्याला न चुकता न्यायला येतो की!”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, शाबासकी लिहिली.

जागा मिळाली ती चौथ्या खिडकीवरच्या मुलीला. चोवीस वर्षांची, नागपूरची, इस्पितळात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेली. तिला ट्रेवर गोळ्या पाच-पाचनं मोजायला मी शिकवलं. आल्या आल्या घरच्या आठवणीनं रडायची, तेव्हा डब्यातली अर्धी पोळी मी दिली. ती मला काकू म्हणायची. यादी लागली त्या दिवशी धावत आली आणि माझ्या पाया पडली. भर कॉरिडॉरमध्ये!

“काकू, तुमच्यामुळे झालं हो सगळं.”

“माझ्यामुळे कसलं बाई, तुझं नशीब,” मी म्हटलं. यातला ‘नशीब’ हा शब्द मी मुद्दाम निवडला होता. ‘हुशारी’ म्हणायला जीभ वळली नाही.

त्या संध्याकाळी मी तोंडली चिरायला घेतली. ह्यांनी वाटीत डोकावून पाहिलं. “अगं, जागा गेली त्यात तोंडल्यांचा काय दोष? किती बारीक करतेस! भाजी करायचीय की पावडर?”

“मला काही वाटलेलं नाही,” मी म्हटलं.

मुलगी अभ्यासाच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, “आई, यू आर सो जेलस.”

“मराठीत बोल.”

“मराठीत पण सेमच आहे,” ती म्हणाली.

खरंच सेमच होतं. त्या मुलीला नवा कोट मिळाला, गुडघ्यापर्यंतचा. आमचे कंबरेपर्यंतचे. तिच्या छातीवर नवा बिल्ला. तिच्या कमरेला पेजर, तो वाजला की ती अशी लगबगीनं जाई जणू देशावर संकट आलंय. मी तिच्या चुका शोधायला लागले. तिचं अरबी पुस्तकी होतं. म्हातारे ते ऐकून आदरानं मान डोलावत आणि बाहेर येऊन मला विचारत, ती काय म्हणाली? त्या दिवसांत तेवढंच माझं सुख. तिला सर्दी झाली तरी मला बरं वाटे. आता लिहितानासुद्धा किंचित वाटलंच.

रेसिडेन्सीत तिला मधुमेहाचे वीस जुने रोगी नेमून दिले होते. त्यांची साखर ताब्यात आणायची, डॉक्टरांना सल्ला द्यायचा आणि वर्षाअखेर निकाल मांडायचा. त्या विसात आमचा जीपवाला होता.

एक दिवस ती डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. “काकू, ते जीपवाले बाबा तुमच्याच खिडकीवर येतात ना? त्यांची साखर हलतच नाही हो. दिवसाला दोन गोळ्या आहेत, पण घेतल्यासारखं वाटतच नाही. तुम्हाला काही माहितीये?”

सांगायला तीन वाक्यं लागली असती. घास गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम झालं असतं. मी घास गिळला आणि म्हटलं, “तू रेसिडेंट. तूच विचार की त्यांना.”

तिनं विचारलं. पुस्तकी अरबीत. रोज गोळ्या घेता का? तो म्हणाला, हो. खोटं नव्हतंच ते, घेत होताच की रोज. तिनं डॉक्टरांना सांगून डोस तीनवर नेला. पुढे चारवर. एकशेवीस गोळ्या मोजून मी चार पाकिटांत तीस-तीस भरल्या. म्हणजे आता कुठे बिचाऱ्याच्या वाट्याला दिवसाला एक आली.

म्हातारा खूश. काचेवर बोट आपटत मला म्हणाला, “नई दक्तूरा बहुत अच्छी है. जास्ती देती है.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मिश्या मी काढल्या आणि चांगली ती! तेव्हा जी बारीकशी टोचणी होती की सांगून टाकावं, ती तिथेच विझली. मी मनात म्हटलं, बघू या हिचा निकाल वर्षाअखेर काय लागतो. म्हाताऱ्याचं काय होईल हा विचारच माझ्या मनात आला नाही. त्याच्या बाबतीत सगळं सुरळीतच चाललं होतं ना, चौघंही हिंडत-फिरत होते!

मग त्याच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली म्हणून त्याला भरती केलं. मला पत्ता नव्हता. एक दिवस सकाळी वॉर्डाची औषधांची चिठ्ठी माझ्या खिडकीवर आली. त्याचं नाव, खाटेचा नंबर, आणि मधुमेहाच्या गोळ्या, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पहिले डोस वॉर्डातल्या साठ्यातून दिलेत, असंही खाली लिहिलेलं.

चिठ्ठी हातात धरून मी उभी राहिले. वॉर्डात सिस्टर गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. तिथे मजलिस नाही. एका गोळीची सवय असलेल्या सत्तरीच्या माणसाच्या पोटात आता चार जाणार होत्या, अर्ध्या गेल्याही होत्या. साखर ढासळली की काय होतं हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं.

आणि तरी मी आधी चहा घेतला. हे मी आजवर ह्यांनाही सांगितलेलं नाही. पेल्यात चमचा ढवळत माझ्या मनात आलं की आता म्हाताऱ्याची साखर उतरली, तर डोस कुणी वाढवला हे साहेब विचारतील, आणि तो लांब कोट कसा दिसेल तेव्हा! अर्ध्या चहापर्यंत हा विचार मला गोड लागला. मग एकदम म्हाताऱ्याचं ते काचेवर आपटणारं बोट आठवलं आणि मी पेला तसाच खाली ठेवला. मी खिडकी तशीच टाकून जिना चढले.

म्हातारा घामानं थबथबलेला होता. कुणाशी तरी बोलत होता, पण समोर कुणी नव्हतं. सिस्टर त्याला चादर गुंडाळत होती. “ताप उतरतोय, म्हणून घाम,” ती म्हणाली.

“ताप नाही, साखर उतरलीये. आधी साखर बघा.”

तिनं माझ्या आखूड कोटाकडे पाहिलं. “तुम्ही फार्मसीच्या ना? ऑर्डर कुणाची?”

“अहो, ऑर्डर कसली? बोटाला सुई टोचा नुसती!”

“डॉक्टर येतीलच,” ती म्हणाली आणि चादर नीट करायला लागली.

चार खिडक्यांची राणी मी, पण वॉर्डात मला कुणी विचारेना. शेवटी मी म्हटलं, “त्या रेसिडेंटला बोलवा. पेजर करा.” ते शब्द तोंडातून काढताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

ती धावत आली. माझं एक वाक्य ऐकलं, म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि त्याच सिस्टरला काही सांगितलं. सिस्टर सुईसुद्धा घेऊन आली आणि ग्लुकोजसुद्धा. यंत्रावरचा आकडा मी पाहिला. अजून थोडा वेळ गेला असता तर तो माणूस त्या चादरीखालीच राहिला असता. नस सापडेपर्यंतची ती दोन मिनिटं मला अजून स्वप्नात दिसतात. मग ग्लुकोज आत गेलं आणि हळूहळू त्याची नजर ठिकाणावर आली. मला पाहून तो म्हणाला, “दक्तूरा, चाय पिया?”

मी खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, तशीच फरशीवर बसले.

त्यानंतर मी तिला सगळं सांगितलं. पाकिटं, मजलिस, तीन सोबती. सगळं, फक्त एक सोडून. तिनं विचारलं, “काकू, हे तुम्हाला कधी कळलं?” आणि मी म्हटलं, “आजच.”

तिनं खाटेशेजारचं कपाट उघडलं. त्यात म्हाताऱ्याची थैली होती आणि थैलीत माझी पाकिटं. रिकामी, जपून ठेवलेली, निरनिराळ्या मिश्यांची. दर पाकिटावर औषध दिल्याची तारीख असते, आणि एकाच तारखेच्या चार पाकिटांवर चार तऱ्हेच्या मिश्या म्हणजे ते चौघं मला केव्हापासून ठाऊक आहेत हे उघड होतं. तिनं एकेक पाकीट उलटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळी गोळा करून त्या लांब कोटाच्या खिशात घातली.

बुधवारी तिनं हीच केस सगळ्यांपुढे मांडली. स्वतःची चूक आधी सांगितली: आपण आकड्यावर डोस वाढवत गेलो, माणूस कसा राहतो ते पाहिलं नाही. आणि शेवटी म्हणाली, “खिडकीवरच्या आमच्या एका अनुभवी सहकारी बाईंच्या वेळीच लक्षात आलं म्हणून रोगी वाचला.” सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. साहेब मला बाहेर थांबवून म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. या वेळी मी वेगळा विचार करीन.”

मला जे हवं होतं ते जवळजवळ हातात आलं होतं. आणि घरी आले ती तोंडली न घेता सरळ कांदे चिरायला बसले, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब द्यायला नको.

आता कुणी म्हणेल, पश्चात्ताप झाला असेल. थोडासा झाला, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण निराळं होतं. माझी अब्रू त्या मुलीच्या खिशात होती आणि तिनं ती झाकली होती, न मागता. चोवीस वर्षांच्या पोरीनं माझ्यापेक्षा मोठं मन दाखवावं? लांब कोट तिचा, पेजर तिचा, जागा तिची, आणि आता वर मोठं मनही तिचंच! हे काही मला सहन होईना. शनिवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला केव्हापासून माहीत होतं ते, तिनं विचारल्यावर मी काय उत्तर दिलं ते. चहा मात्र सांगितला नाही. तेवढा दम नव्हता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “पत्र मिळेल तुम्हाला. लेखी समज. तुमच्या फायलीत राहील.”

“हो, सर.”

“आणि पुढच्या वर्षी अर्ज करू नका.”

“हो, सर.”

“आणि त्या माणसाला घरी सोडण्याआधी त्याच्या खाटेशी तुम्ही जायचं. तुम्ही भरलेली पाकिटं आहेत. बंदही तुम्हीच करायची.”

ती बाहेरच उभी होती. तिला सगळं कळलं होतं. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतकं कुणी चिडलं नव्हतं, आणि सासूबाई धरून सांगते आहे.

“काकू, कशाला सांगितलंत? मी पाकिटं फेकूनसुद्धा दिली होती!”

“म्हणूनच सांगितलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला तुझे उपकार नकोत.”

“उपकार? मी उपकार केले तुमच्यावर?” तिचे डोळे भरून आले. “आणि त्या दिवशी मी डबा घेऊन आले, विचारलं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुझा कोट लांब होता म्हणून,” मी म्हटलं.

मग तिला हसू आलं आणि ते आल्याचा तिला आणखी राग आला. “इतकं... इतकं बावळट कारण असतं का हो काकू?”

“असतं,” मी म्हटलं. “चाळिशीनंतर असतं.”

म्हाताऱ्याच्या खाटेशी आम्ही दोघी गेलो. मी त्याला समजावलं, या गोळ्या फक्त तुझ्या. डोस आता परत कमी केलाय, पण तो सगळा तू एकट्यानं घ्यायचा. पाकीट एकच मिळेल. त्याला ते अजिबात आवडलं नाही. मान दुसरीकडे वळवून पडून राहिला. मग म्हणाला, “और वो तीन? उनको मैं क्या दूँ?”

मला उत्तर सुचलं नाही. गोळ्या मोजण्याच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. इस्पितळाला विचारलं असतं तर कार्ड नाही, खलास. मी त्या मुलीकडे पाहिलं आणि मनातून अशी इच्छा केली की तिलाही सुचू नये.

तिला सुचलं. शारजाकडे एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे कागदपत्रं नसलेल्यांनाही बघत. तिनं चार दिवस फोन करून वेळ ठरवली. गुरुवारची, तिकडे तेव्हा सुट्टी असायची त्या दिवसाची. एका नर्सची गाडी मागून घेतली आणि तिघांना स्वतः घेऊन जायचं ठरवलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण ते तीन म्हातारे माझे. त्यांच्या सूर्यांना मिश्या मी काढल्या होत्या. एवढं पुण्य मी तिला एकटीला मिळू देणार नव्हते. गुरुवारी सकाळी मी डबा घेऊन गाडीपाशी हजर.

“काकू, तुम्ही?”

“माझं अरबी लागेल तुला,” मी म्हटलं.

तिला गाडीचं लायसन्स पहिल्या टेस्टला मिळालं होतं. मी चार वेळा नापास झाले होते आणि पाचव्यांदा गेलेच नव्हते. तिच्या लायसन्सचंही मला त्याच दिवशी कळलं आणि मी मुकाट्यानं शेजारच्या सीटवर बसले. मागे तिघांच्या जागेत चौघं. जीपवाला पायाला पट्टी बांधून आलाच होता, सोबत्यांना एकटं पाठवणं त्याला पटेना. तो दोन मिनिटांत मागून तिला गाडी कशी चालवावी ते सांगायला लागला. सुट्टीचा दिवस, त्यामुळे आज शारजाच्या वाटेवरही गाड्याच गाड्या. मग एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं की तो नवा डॉक्टर गोळ्या देईल का, आणि दिल्या तर त्या रोज चुकवायच्या नाहीत हे खरं का.

तिनं आपल्या पुस्तकी अरबीत वाक्य जुळवायला घेतलं. ते पुरं व्हायच्या आत मी मागे वळून त्याला सगळं सांगून टाकलं. देईल, इन्शाल्ला. रोज घ्यायच्या. आणि कुणाला द्यायच्या नाहीत. चौघांनीही माझ्याकडे पाहून माना डोलावल्या.

“काकू,” ती म्हणाली, “मला विचारलं होतं त्यांनी. मला बोलू द्या ना!”

“गाडी चालवताना बोलू नये,” मी म्हटलं.